घराला पार्किंग नाही, गाडी मात्र इलेक्ट्रिक : रस्त्यावर लावून चार्ज कशी करायची

माझी गाडी रस्त्यावर झोपते. इमारतीला वाहनतळ नाही, गॅरेज नाही. ज्या दिवशी जिथे जागा मिळेल तिथे लावायची. गाडी घेण्याआधी भेटेल त्याने एकच विचारलं, "चार्ज कुठे करणार?" माझं उत्तर तयार होतं : कोपऱ्यावर चार्जिंगचा खांब आहे की! पहिल्याच आठवड्यात कळलं की खांब आहे, पण रात्री साडेआठनंतर त्याच्यासमोर जागा नाही. महिनाभर मी किलोवॅट आणि अँपिअर वाचत बसले होते. अडचण निघाली जागेची आणि वेळेची.

स्वतःचं गॅरेज असलेल्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी, मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे. (केलं उलट्या क्रमाने, हे सांगायला नको.)

१. आधी आठवड्याचा हिशेब मांडा

मोबाइल रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय असल्यामुळे गाडीही रोज लावावी लागेल असं वाटतं. तसं नसतं. दोन आठवडे रोजचे किलोमीटर लिहून ठेवा आणि आठवड्याची बेरीज करा.

समजा तुम्ही रोज ३५ किलोमीटर चालवता. आठवड्याचे झाले २४५. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते, म्हणजे ३५ युनिट. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून खांबाकडून ४० युनिट घ्यावे लागतील असं धरा. आता वेळ बघा :

७.४ किलोवॅटचा खांब : साडेपाच तास.
३.३ किलोवॅटचा : बारा तास.
घरातला १० अँपिअरचा साधा सॉकेट, म्हणजे २.३ किलोवॅट : सतरा-अठरा तास.

म्हणजे बऱ्यापैकी खांब मिळाला तर आठवड्यातून एक रात्र पुरते. धीम्या खांबावर एक लांब रात्र किंवा दोन छोट्या. तुम्हाला रोजची जागा शोधायची नाही, आठवड्यातली एक-दोन वेळा शोधायची आहे. हे कळल्यावर माझी निम्मी चिंता गेली.

कडाक्याची थंडी, हीटर आणि महामार्गावरचा वेग यांनी खर्च चांगलाच वाढतो, म्हणून हिशेबात चतुर्थांश तरी जास्त धरा. आणि रोज दीडशे किलोमीटर चालवत असाल, तर फक्त रस्त्यावरच्या खांबांच्या भरवशावर गाडी घेऊ नका. कामाच्या ठिकाणी सोय होते का ते आधी बघा.

२. रात्री दहा वाजता फेरी मारा

नकाशावर खांब हिरवा दिसतो, म्हणून जागा मोकळी आहे असं नाही. नकाशाला फक्त इतकंच कळतं की कुणी गन (केबलच्या टोकाचा, गाडीत बसणारा जाड प्लग) लावलेली नाही. समोर पेट्रोलची गाडी किंवा सामानाचा टेम्पो उभा असेल, तर ते त्याला दिसत नाही.

म्हणून पायी फिरा, आणि तुम्ही ज्या वेळी घरी येता त्याच वेळी फिरा. दुपारी बारा वाजता सगळे रस्ते रिकामे असतात. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरातले सगळे खांब वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर एवढं टिपा :

केबल खांबालाच आहे की आपली आणावी लागते. सॉकेटचा प्रकार. पाटीवर लिहिलेले किलोवॅट. जागा रंगाने आखलेली आहे का, आणि रंग अजून दिसतो का. किती तास थांबता येतं, आणि रात्री ती मर्यादा लागू असते की नाही. पाऊस पडल्यावर तिथे पाणी साचतं का. उजेड आहे का.

शेवटच्या दोन गोष्टी मी लिहिल्या नव्हत्या. पहिल्या पावसात घोटाभर पाण्यात उभं राहून गन काढायची वेळ आली, तेव्हा वहीत भर पडली. पावसात चार्जिंग करायला हरकत नाही. गन आणि सॉकेट त्यासाठीच बनवलेले असतात, आणि गन नीट बसून खांब व गाडी यांची आपसांत तपासणी झाल्याशिवाय वीज सुरूच होत नाही. पण साचलेल्या पाण्यात गाडी उभी करून चार्ज करू नका. गन पाण्यात पडली असेल तर ती गाडीला लावू नका, दुसरा खांब बघा.

या फेरीतून तीन ठिकाणं निवडा : नेहमीचं, ते भरलं तर दुसरं, आणि दोन्ही फसली तर जवळचा फास्ट चार्जर. तिसऱ्या ठिकाणी एकदा दिवसाढवळ्या जाऊन या. बॅटरी ८ टक्क्यांवर आलेली असताना रात्री पत्ता शोधणं वाईट.

३. चार्जिंगचं तोंड कोणत्या बाजूला आहे?

गाडी बघायला गेलात की सीटचं कापड बघण्याआधी हे बघा. कुणाचं तोंड पुढे नाकावर असतं, कुणाचं पुढच्या चाकावर, कुणाचं मागे जुन्या पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. गॅरेजवाल्याला फरक पडत नाही. रस्त्याकडेला समांतर गाडी लावणाऱ्याला सगळा फरक तिथेच पडतो.

माझ्या गाडीचं तोंड मागे आहे, आणि नेहमीचा रस्ता एकेरी असल्याने गाडी वळवून उलटी लावता येत नाही. त्यामुळे तोंड कायम वाहनांच्या बाजूला येतं. केबल गाडीच्या मागून वळसा घालून आणावी लागते, आणि ५ मीटरची केबल नेमकी अर्ध्या हाताने कमी पडते. मी ७ मीटरची घेतली, त्यानंतर त्रास संपला. जास्त लांब केबल जड होते आणि गुंडाळताना हात काळे करते, तेव्हा उगाच १० मीटरची घेऊ नका.

गाडी घेतलेली नसेल तर वहीतल्या पहिल्या दोन जागांवर ती कशी उभी राहील, याचं कागदावर चित्र काढा. हसू नका. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं वाचतात.

४. आकड्यांचा घोळ

खांबावर २२ लिहिलंय आणि गाडी ७ घेतेय, म्हणून तक्रार करायला निघालेले दोन जण मला माहीत आहेत. त्यातली एक मीच.

रस्त्यावरचे बहुतेक खांब एसी वीज देतात. बॅटरीला डीसी लागते. हा बदल गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो, आणि त्याची जेवढी ताकद तेवढीच वीज आत जाते. तो ७.४ किलोवॅटचा असेल, तर २२ च्या खांबावरही ७.४च मिळणार. ३.३चा असेल, तर महागडी जाड केबल घेऊनही काही हाती लागणार नाही. फास्ट चार्जर मात्र हा बदल स्वतःच्याच पेटीत करून थेट बॅटरीला डीसी देतो, म्हणून तो वेगवान, म्हणून तो एवढा मोठा, आणि म्हणूनच तो वस्तीतल्या अरुंद फुटपाथवर सहसा दिसत नाही.

दुसरी गंमत : एका खांबाला दोन सॉकेट असतील तर कित्येकदा वीज वाटून दिली जाते. तुम्ही एकटे असताना पूर्ण वेग, शेजारी दुसरी गाडी आली की निम्मा. पहाटे पाचपर्यंत भरेल म्हणून झोपावं आणि सकाळी सात वाजता ६२ टक्के दिसावेत, असं होतं. सकाळी लांब जायचं असेल तर असा खांब टाळा.

फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग झपाट्याने उतरतो. शेवटच्या २० टक्क्यांना सुरुवातीच्या ६० टक्क्यांएवढाही वेळ लागू शकतो. तिथे ८० वर निघावं; तुमचा वेळ वाचतो आणि मागच्याचाही. रस्त्यावरच्या धीम्या खांबावर हा त्रास जाणवत नाही.

बॅटरी कोणत्या जातीची आहे तेही एकदा पुस्तिकेत बघा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून, बरेच उत्पादक आठवड्यातून एकदा म्हणतात, १०० टक्के भरायला सांगतात; नाहीतर टक्केवारीचा काटा चुकायला लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोजच्यासाठी ८० बरे. शेजाऱ्याचा सल्ला त्याच्या बॅटरीचा असतो.

५. जवळ काय काय हवं

कागदपत्रं : वाहनाचं नोंदणीपत्र, विम्याचं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, आणि जिथे रहिवासी पार्किंगचा परवाना लागतो तिथे तो परवाना. चार्जिंगच्या जागेला वेगळा परवाना असतो का ते स्वतंत्र विचारा. रहिवासी परवाना आहे म्हणून चार्जिंगच्या जागेत रात्रभर थांबता येईल असं धरून चालू नका. दंडाची चिठ्ठी मला त्याच समजुतीने मिळाली.

सामान : आपल्या सॉकेटला चालणारी केबल, तिच्यासाठी पाणी गळणार नाही अशी पिशवी, हातमोजे, छोटी बॅटरी (उजेडाची), एक जुनं फडकं. केबलवर स्वतःची खूण करा. सगळ्या केबली सारख्याच दिसतात.

मोबाइलमध्ये : तिन्ही ठिकाणी चालणारी ॲप्स. ती घरी बसून उतरवा, नाव-पत्ता भरा, पैसे भरायची सोय जोडा आणि एकदा वापरून बघा. खांबासमोर पावसात उभं राहून ओटीपीची वाट बघणं हा नवख्यांचा ठरलेला कार्यक्रम आहे. टॅप करायचं कार्ड मिळत असेल तर घ्या, मोबाइलला रेंज नसली तरी ते बहुधा चालतं.

दराची पाटी नीट वाचा. कुठे युनिटवर पैसे, कुठे मिनिटावर, कुठे सुरुवातीलाच ठरावीक रक्कम. मिनिटावर दर असेल आणि तुमची गाडी वीज हळू घेत असेल, तर तुम्ही विजेचे कमी आणि उभं राहण्याचे जास्त पैसे देता. काही ठिकाणी सुरू करताना अनामत रक्कम अडकवून ठेवतात आणि नंतर सोडतात. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि कारणही धड सांगितलं जात नाही.

६. पहिल्यांदा गन लावताना

गाडी बंद करा, पार्किंगचा ब्रेक लावा. केबल आपली असेल तर आधी खांबाला, मग गाडीला लावा. काही खांबांना क्रम उलटा लागतो, ते पाटीवर लिहिलेलं असतं. मग ॲप किंवा कार्ड. "टक्" असा आवाज येईल, म्हणजे गन कुलूपबंद झाली. आता ती कुणाला उपसून नेता येणार नाही.

यानंतर पाच मिनिटं तिथेच थांबा. हे ठळक अक्षरात लिहिल्यासारखं वाचा. सुरू झालेलं चार्जिंग पहिल्या काही मिनिटांत बंद पडणं फार नेहमीचं आहे, आणि तोवर आपण जिना चढून घरी पोचलेले असतो. गाडीच्या पडद्यावर किती किलोवॅट येतात ते बघा. ७ यायला हवे असताना २ येत असतील, तर गाडीच्या सेटिंगमध्ये कधीतरी प्रवाह कमी करून ठेवलेला असतो. काहीच येत नसेल, तर रात्री उशिराची वेळ लावून ठेवलेली असू शकते.

केबल फुटपाथवर आडवी येऊ देऊ नका. कठड्याच्या कडेने, गाडीच्या चाकालगत सोडा. काठी टेकत जाणारे आजोबा, बाळाची गाडी ढकलणारी आई, व्हीलचेअरवरचा माणूस यांना तुमची केबल रात्री दिसत नाही.

काढताना आधी ॲप किंवा कार्डाने थांबवा, मग गाडी अनलॉक करा, मग गन ओढा. निघत नसेल तर झटके देऊ नका. गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा, बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते. तरीही अडलीच, तर बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने सोडवायची दोरी किंवा खटका असतो. तो कुठे आहे हे आजच पुस्तिकेत बघून ठेवा.

७. खिडकीतून वायर सोडण्याआधी

तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा विचार येतो. माझ्याही आला, आणि मी तो तीन रात्री अमलातही आणला. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात जळका वास आला. प्लगला हात लावला तर चटका बसला. सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं.

कारण साधं आहे. मिक्सर दोन मिनिटं चालतो, इस्त्री तापली की आपोआप बंद होते. गाडी मात्र दहा-दहा तास न थांबता पूर्ण ताकदीने वीज ओढते. जुन्या सॉकेटमधला एखादा सैल स्क्रू एरवी वर्षानुवर्षं खपून जातो. इथे तो एका रात्रीत तापतो. त्यात गाडीसोबत येणाऱ्या केबलची जड डबी सॉकेटला लोंबकळत राहिली, की प्लग अर्धवट बाहेर येतो आणि आणखी तापतो.

म्हणून घरून चार्ज करायचंच असेल तर :

जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा खटका) बसवून घ्या. अर्थिंग उपकरणाने मोजून घ्या. "आहे की" हे उत्तर चालणार नाही. मंजूर लोड (वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेली किलोवॅटची मर्यादा) पुरतो का ते विचारा. घरातलं एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको. रिळावर गुंडाळलेली वायर तर अजिबात नको. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वायर वितळते. गाडीत प्रवाह कमी करायची सोय असेल तर तो ८ अँपिअरवर आणा. वेळ वाढेल, पण जुनं वायरिंग निभावून नेईल.

आणि फुटपाथ तुमचा नाही. त्यावरून वायर न्यायला परवानगी लागते. काही शहरांत फुटपाथमध्ये झाकणाची अरुंद चर खोदून त्यातून केबल न्यायला परवानगी देतात. तशी सोय तुमच्याकडे असेल तर अर्ज करा, पण लक्षात ठेवा : चर तुमच्या दारासमोर असली तरी तिच्यासमोरची जागा तुमची होत नाही. वायरवर रबराची पट्टी टाकली की झालं, असं सांगणारे भेटतील. कुणी अडखळून पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

दुचाकीवाल्यांचं जरा वेगळं. बॅटरी काढून घरात नेता येत असेल तर जागेचा प्रश्न सुटतो, पण ती जिन्यात, दारात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. लिथियमची आग लागली तर तीच वाट बंद होते. कंपनीचाच चार्जर वापरा, गादी-पडद्यांपासून लांब, कडक फरशीवर, तुम्ही जागे असताना. पडलेली, फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी लावूच नका.

८. गल्लीतले अलिखित नियम

भरली की हलवा. रात्री दोन वाजता उठून गाडी हलवावी अशी अपेक्षा कुणी करत नाही, पण सकाळी नऊपर्यंत शंभर टक्के भरलेली गाडी तिथेच उभी असेल तर लोक लक्षात ठेवतात. बऱ्याच ठिकाणी थांबण्याचं वेगळं भाडंही लागतं, आणि ते विजेपेक्षा महाग पडतं.

काचेवर चिठ्ठी ठेवा : "सकाळी ७ पर्यंत. अडचण असेल तर बेल वाजवा, पहिला मजला." मोबाइल नंबर लिहायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी लिहीत नाही. या एका चिठ्ठीने माझ्या गल्लीतल्या आणखी तीन इलेक्ट्रिक गाडीवाल्यांशी ओळख झाली. आता आमचे वार ठरलेले आहेत. मंगळवार माझा. कुणी लिहून दिलेलं नाही, पण चालतं.

पेट्रोलची गाडी खांबासमोर उभी दिसली तर आधी शांतपणे विचारा. निम्म्या लोकांना ती जागा राखीव आहे हेच माहीत नसतं, कारण रंग पुसलेला असतो. दुसऱ्याची गन ओढायच्या भानगडीत पडू नका.

९. खांबच नसेल तर मागा

मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि एकट्याने मागून सहसा मिळत नाही. आम्सटरडॅममध्ये स्वतःची पार्किंग नसलेला इलेक्ट्रिक गाडीवाला घराजवळ खांब बसवा असा अर्ज पालिकेकडे करू शकतो. लंडनच्या सदरलंड अव्हेन्यूवर २०२० मध्ये दिव्याचे २४ खांब चार्जिंगचे केले गेले. नवी केबल टाकायला रस्ता खोदावा लागला नाही. दिव्यांच्या खांबात ही जागा निघते कारण जुने सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले, त्यामुळे त्याच तारांवरचा भार कमी झाला. वेग धीमा असतो, पण पहिल्या पायरीतला हिशेब आठवा : रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला धीमा वेग पुरतो.

अर्जासोबत गल्लीतल्या इलेक्ट्रिक गाड्यांची यादी, त्यांच्या नोंदणीपत्रांच्या प्रती, घेऊ इच्छिणाऱ्यांच्या सह्या, आणि सुचवलेल्या जागेचे दिवसा-रात्रीचे फोटो जोडा. जागा सुचवताना दुकानांची दारं, बसथांबा, अग्निशमनाचा नळ आणि झाडांची मुळं टाळा. फुटपाथ अरुंद असेल तर खांब फुटपाथवर नको, रस्त्याच्या बाजूला मागा. नाहीतर चालणाऱ्यांचा विरोध होतो, आणि तो रास्त असतो. पोचपावती घ्या. मी पहिल्यांदा घेतली नव्हती, आणि तो अर्ज कुणालाच सापडला नाही.

१०. गावाला जाताना

दोन-तीन आठवडे गाडी रस्त्यावर सोडून जायचं असेल तर ती चार्जिंगच्या जागेत सोडू नका. साध्या जागेत, ५०-६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरून किंवा पार उतरवून ठेवणं बॅटरीला मानवत नाही. कॅमेऱ्याने राखण करण्याची सोय असेल तर ती बंद करा, ती रोज थोडी थोडी बॅटरी खाते. ॲपवरून तासातासाला गाडी "बघायची" सवयही सोडा. दर वेळी गाडी जागी होते.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि दारं, दिवे, पडदा सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही. बऱ्याच गाड्यांच्या किल्लीच्या पोटात धातूची छोटी किल्ली दडवलेली असते. ती काढून एकदा दाराला लावून बघा, आणि जाण्याआधी गाडी हलवायला शेजारच्या कुणाकडे दुसरी किल्ली देऊन जा. रस्ता खोदायला कामगार येतात ते नेमके आपण गावाला असतानाच.